अनुसयेने वाचलेलं शेवटचं प्रकरण

कडुनिंबाला मोहर आला की आमच्या बजाजनगरात दोन वास एकमेकांत मिसळतात. एक त्या मोहराचा, कडवट आणि तरीही गोड, गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या झाडावरून सकाळच्या गारव्याबरोबर हलकेच उतरणारा. दुसरा वाळूजच्या कारखान्यांकडून येणारा, रबराचा, तेलाचा, तापलेल्या लोखंडाचा. त्या चैत्रात हे दोन्ही वास मी जमिनीकडे तोंड करून घेतले. पलंगाच्या कडेला उशी, उशीच्या मधोमध पाडलेलं भोक, त्या भोकात माझा चेहरा आणि चेहऱ्याखाली हातभर अंतरावर फरशी, असा माझा मुक्काम होता. विहारातली सकाळची वंदना संपली की खिडकीतून ऊन आत यायचं, फरशीच्या एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत निवांत सरकत जायचं आणि पलंगाच्या पायाशी येऊन विझायचं. एरवी ऊन असं चालतं हे मी कुठल्याशा पुस्तकात वाचलं असतं आणि खाली रेघ मारून पुढे गेले असते.

माझ्या उजव्या डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. लहानपणापासून माझा चष्मा इतका जाड की शाळेत मुली तो लावून बघायच्या आणि भोवळ आल्याचं नाटक करायच्या. पण त्या काचेमागे डोळ्याच्या तळाशी असं काही नाजूक वस्त्र ताणलेलं असतं आणि ते एका कडेने उसवू शकतं, हे मला बी. ए.च्या दुसऱ्या वर्षात, एक कादंबरी वाचता वाचता कळलं. ओळींवरून काळे धागे तरंगू लागले. मी पान झटकलं, चष्मा पुसला, पुन्हा पान झटकलं. संध्याकाळपर्यंत एका बाजूने अंधार चढत आला होता. शस्त्रक्रियेत डॉक्टरांनी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला, आणि तो वर चढून पडद्याला जागेवर दाबून धरील म्हणून मान सतत खाली ठेवायला सांगितली. जेवताना खाली, बोलताना खाली, झोपेतही खाली. "पुस्तकात मान घालून बसू नको म्हणून जन्मभर ओरडले, तवा ऐकलं नाय. आता बस," असं आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिली, घासलेलीच.

डाव्या डोळ्याचा पडदाही तसाच विरलेला होता. त्यालाही विश्रांती हवी होती, त्यामुळे वाचन पूर्ण बंद. पट्टी निघेल तेव्हा अक्षरं दिसतील की नुसता उजेड दिसेल, हे पट्टी निघाल्यावरच कळेल, असं डॉक्टरांनी न लपवता सांगितलं होतं. आमच्या घरात जयंतीला नव्या कपड्यांच्या आधी नवी पुस्तकं यायची. मिरवणुकीच्या वाटेवरच्या स्टॉलवर आप्पा मला खांद्यावर बसवून उभे राहायचे आणि मी वरून बोट दाखवीन ते पुस्तक काढून घ्यायचे. कंपनीच्या पाळ्यांत आयुष्य घालवणाऱ्या त्या माणसाने माझ्याकडून एकाच गोष्टीची आशा धरली होती, आणि ती गोष्ट डोळ्यांनीच करायची होती. मला मरणाची भीती वाटली नाही, इतकी पुन्हा वाचता न येण्याची वाटली. रडायची सोय नव्हती, कारण रडलं तर डोळ्याला ताण. म्हणून मी फरशीकडे बघत दात आवळून पडून राहायचे.

अशा वेळी माझ्याकडे होता तो 'दुमडलेला कोपरा'.

हे आमच्या चौघांच्या फोनवरच्या गटाचं नाव, आणि त्याचा जन्म भांडणातून झालेला. वाचनाविषयीच्या कुठल्याशा ऑनलाइन पानावर कुणीतरी विचारलं होतं की पुस्तकात खूण म्हणून तुम्ही काय ठेवता. मी मोकळेपणाने लिहिलं की मी पानाचा कोपरा दुमडते. त्यावर कन्नड गावचा तुषार असा काही तुटून पडला की जणू मी कुणाचं बोट मुरगळलं होतं. तो शहरात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होता आणि पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातल्याशिवाय पहिलं पान उघडत नव्हता. रोशन गेटकडच्या सानियाने मध्ये पडून सांगितलं की खुणेची गरजच काय, ती सगळ्यात आधी शेवटचं पान वाचते आणि मग निवांतपणे पहिल्या पानाकडे येते. शेवट ठाऊक नसेल तर तिचा जीव गोष्टीत लागत नाही. हे ऐकून तुषार आणि मी आपलं भांडण सोडून दोघं मिळून तिच्यावर घसरलो. या सगळ्या गदारोळात देवगाव रंगारीच्या अनुसयेचं एकच वाक्य आलं: "मी लोकरीचा धागा ठेवते. मेंढरं हायेत ना आमची, आज्जा काततो." आमचं भांडण तिथेच मिटलं. मग ती पानाच्या पोटात विसावलेली काळी लोकर आम्हाला बघायची होती, तिने फोटो पाठवला, आणि त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना सोडलं नाही.

चेहरे आम्ही फारसे पाहिले नव्हते. आम्ही एकमेकांना सवयींवरून ओळखत होतो. तुषार एसटीत उभ्याने वाचतो, सानिया पायऱ्यांवर बसून, मांडीवर तांदळाचं ताट आणि ताटाच्या कडेला पुस्तक टेकवून. अनुसया बांधावर, आणि तिचं वाचन मेंढरं ठरवतात, ती पुढे गेली की पुस्तक मिटायचं. कोण कुठल्या ओळीपाशी थांबलं हे दिवसभर कळत राहायचं. एखादं वाक्य आवडलं की ते टाइप न करता बोलून पाठवायचं, ही सवय अनुसयेने लावली, कारण एका हातात काठी असायची.

मी आजारी पडल्याचं आईने माझ्या फोनवरून कळवलं तेव्हा कुणी 'लवकर बरी हो' असं लिहिलं नाही. सानियाने विचारलं, कुठलं पुस्तक अर्धं राहिलं? राहिलं होतं ते वाचनालयाचं, एक जुनी कादंबरी, मूळ मुखपृष्ठ फाटून गेलेली आणि वर वाचनालयाने जाड पुठ्ठा चढवलेली. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठच्या गावातली भागीरथी नावाची पैठणी विणणारी बाई, तिचा माग, तिची म्हातारपणाकडे झुकणारी वर्षं. पदरावरचा मोर विणताना तिच्या हातून पहिल्यांदा रंग चुकतो, आणि आपल्याला कमी दिसू लागलंय हे ती कुणालाच सांगत नाही, तिथपर्यंत मी पोचले होते. माझ्या डोळ्यांपुढे काळे धागे आले ते नेमके त्याच पानावर.

मग आप्पा पहिली पाळी करून दुपारी घरी आले की खिडकीशी पुस्तक धरून पुढच्या पानांचे फोटो काढू लागले. प्रत्येक फोटोत एका कोपऱ्यात त्यांचा अंगठा, यंत्राच्या तेलाने कडा काळ्या झालेला. ती पानं गटावर जायची आणि तिकडून आवाज यायचे. सानियाने पहिल्याच दिवशी आप्पांना साकडं घातलं, "अंकल, आखरी पान पहले भेजो ना, मेरेकू चैन नै पडता." आप्पांनी ते हसत हसत पाठवलं. मीही हसले, उशीच्या भोकात.

तुषार अभ्यासिकेच्या जिन्यात उभा राहून वाचायचा आणि बसस्थानकावर गाडी लागल्याची घोषणा करावी तशा आवाजात भागीरथीच्या मनातलं दुःख सांगायचा. सानिया मराठी शाळेत शिकलेली, पण तिच्या तोंडून मराठी वाक्यं जरा लांब, झोकदार होऊन यायची, मध्येच तिच्या अम्मीची हाक यायची आणि भागीरथीला कांद्याची फोडणी बसायची. अनुसया सर्वांत सावकाश वाचायची. तिच्या आवाजामागे घुंगरं, वारा, लांबवर कुणीतरी कुणाला घातलेली हाळी. आमच्या खोलीत आकाश नव्हतं, फरशी होती. आणि त्या फरशीवर, फोन टेकवून ठेवला होता तिथून, देवगावचं अख्खं शिवार हळूहळू पसरत जायचं. आई भाकरी थापता थापता थांबायची. एकदा मी फोन बंद करायला सांगितला तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे की, बाईचं काय झालं ते कळू दे."

बाईचं काय होतं याच्याशी मी माझा जीव बांधून बसले होते. भागीरथीच्या डोळ्यांचं जे होईल तेच माझ्या डोळ्यांचं होईल, असं मी मनाशी धरलं होतं. शिकल्यासवरल्या मुलीला न शोभणारा हा विचार मी एका दुपारी गटावर बोलूनही टाकला. दुसऱ्या दिवशी तुषारने उगाच घसा खाकरत जाहीर केलं की शेवटचं प्रकरण अनुसया वाचणार आहे, सर्वानुमते ठरलं आहे.

ते आलं एका सकाळी. मोहराचा वास ओसरू लागला होता आणि ऊन दुसऱ्या चौकटीत पोचलं होतं. अनुसयेने नेहमीसारखी सुरुवात केली, पुस्तकी भाषेत, शब्द जपून टाकत. भागीरथीला दिसेनासं होतं. वैद्य येतो, निघून जातो. ती मागावरून उठते. इथपर्यंत मी श्वास धरून होते. मग अनुसयेचा आवाज जरा सैल झाला, मोकळा झाला. भागीरथी चाचपडत नदीकाठी जाते. दिवाळी नुकतीच झालेली, मेंढरं घेऊन लांबून आलेल्या लोकांचा तळ काठाला पडलेला. लोकरीचा, ओल्या मातीचा, दुधाचा वास तिला आधी येतो. तिथे एक म्हातारा बसलेला आहे. नजर मेंढरांवर, आणि हात मात्र टकळीवर लोकर कातताहेत. तो हाताकडे एकदाही बघत नाही. तो तिला बसवून घेतो आणि टकळी तिच्या हातात देतो. "बाई, ह्याला डोळं नाय लागत. सूत बोटाला कळतं. तुटलं तर तुटू दे, फिरून जोडता येतं." सूत तुटतं. पुन्हा तुटतं. तळावरची पोरगी हसते, भागीरथीही हसते. ऊन कलेपर्यंत तिच्या बोटांतून हातभर धागा निघतो. ती विचारते, लोकर कंच्या रंगाची हाय? काळी, पोरगी सांगते. "मला पांढरी वाटली व्हती," भागीरथी म्हणते आणि पुन्हा कातू लागते. तिथे अनुसया थांबली. थोडा वेळ नुसती घुंगरं ऐकू येत राहिली, मग तीही थांबली.

मी रडले. ताण येईल, येऊ दे. उशीच्या भोकातून थेंब सरळ फरशीवर पडत होते आणि त्यातला एक उन्हाच्या चौकटीत पडला. भागीरथीचे डोळे परत आले नव्हते, म्हणजे माझ्या हिशेबाने मीही गेलेच होते. पण इतक्या दिवसांत प्रथमच माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. डोळे गेले तर काय, हा प्रश्न तोवर मी विचारायलाच घाबरत होते, आणि कुणीतरी तो विचारून त्याचं उत्तर माझ्या बोटांत आणून ठेवलं होतं. त्या दुपारी मी दोन भाकरी खाल्ल्या. आईने तिसरी वाढली तेव्हा तिचा हात माझ्या केसांवर नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला.

पट्टी निघाली. आधी आला तो उजेड, पाण्याखालून बघावं तसा, त्यात मिस्त्रीच्या लेव्हलमधल्यासारखा तो बुडबुडा हलत होता. तो दिवसागणिक लहान होत गेला आणि त्याच्या वरच्या बाजूने हळूहळू जग दिसू लागलं. आईचा चेहरा, खिडकीचे गज, कॅलेंडरवरचे मोठे आकडे. बारीक अक्षरं यायला पुष्कळ महिने लागले. उजव्या डोळ्याने पाहिलं तर ओळी अजून जराशा वाकड्या दिसतात, पावसात भिजून वाळलेल्या पुस्तकासारख्या. डाव्याने त्या सरळ करून घेता येतात. डॉक्टरांनी वाचनाची परवानगी दिली, थोडी थोडी, दिवसाच्या उजेडात. मी पहिलं काम केलं ते शहरातल्या त्या जुन्या वाचनालयात जाऊन तेच पुस्तक पुन्हा मागून घेण्याचं.

आश्विन अर्धा सरला होता. वाचनालयाच्या लांब खिडक्यांतून येणाऱ्या उन्हात पुस्तकांच्या धुळीचा तो ओळखीचा, किंचित आंबूस वास तरंगत होता, आणि कोपरा दुमडलेलं ते पान तसंच होतं. मी तिथून पुढे वाचत गेले, पान पान, डोळ्यांना मध्येमध्ये विसावा देत, आणि एकेक वाक्य माझ्या मनात कधी तुषारच्या तर कधी सानियाच्या आवाजात उमटत होतं. शेवटचं प्रकरण आलं. वैद्य आला, निघून गेला. भागीरथी मागावरून उठली. आणि दुसऱ्याच परिच्छेदात ती पुन्हा मागावर येऊन बसली. मागावर सूत नव्हतं. ती रिकाम्या मागावर हात चालवत राहिली, बाहेरून कुणीतरी दार ओढून घेतलं, आणि लेखकाने तिला त्या अंधारात ठेवून कादंबरी संपवली.

मी मागे गेले. पुढे आले. पानं चिकटली असतील म्हणून नखाने सोडवून पाहिली. पुस्तकात मेंढरं नव्हती. एकही नव्हतं. नदीकाठी तळ नव्हता, म्हातारा नव्हता, टकळी नव्हती, हसणारी पोरगी नव्हती. मला आठवलं की अनुसयेचा आज्जा मेंढरांमागून चालता चालता लोकर काततो, आणि त्याच लोकरीचा धागा तिच्या पुस्तकात असतो. आठवलं की शेवटचं पान सानियाने पहिल्याच दिवशी मागून घेतलं होतं. आणि तुषारचं ते घसा खाकरणं. भर वाचनालयात मला हसू फुटलं आणि ते आवरता आवरता डोळे भरून आले. समोरच्या आजोबांनी वर्तमानपत्रावरून माझ्याकडे बघितलं आणि समजूतदारपणे पुन्हा पान वर घेतलं.

घरी आल्यावर आप्पांना सांगितलं. ते शर्टाची बटणं सोडत होते, थांबले नाहीत. "फोटो काढतानाच वाचलं व्हतं मी," एवढंच म्हणाले.

लेखकावर माझा राग नाही. त्याने लिहिलेला शेवट खरा आहे, आणि आता दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचला तर सुंदरही आहे. पण त्या चैत्रात, फरशीकडे तोंड करून पडलेली असताना, तो माझ्या कानावर आला असता तर माझं काय झालं असतं, हे मला ठाऊक आहे आणि त्या तिघांनाही ठाऊक होतं. ज्यांना मी एकदाही भेटले नव्हते त्यांना. आपल्यासाठी कुणी इतकं जपून खोटं बोलावं, एवढं मी कुणाचं काय केलं होतं? पानांचे कोपरे दुमडले होते, बस.

दिवाळीच्या तोंडावर अनुसया एका परीक्षेसाठी शहरात आली आणि आम्ही चौघं पहिल्यांदा हिमायत बागेत भेटलो. दुपार उतरणीला लागलेली, जुन्या आंब्यांच्या सावल्या लांबलेल्या, आणि अनुसयेच्या पिशवीतून पिकलेल्या सीताफळांचा वास सुटलेला. तुषार माझ्या कल्पनेपेक्षा बुटका होता आणि सानिया माझ्या कल्पनेपेक्षा खूप जास्त बोलणारी. अनुसया मात्र सीताफळं फोडून हातात देत राहिली, माझ्या नजरेला नजर देईना. शेवटी मीच म्हणाले की ते पुस्तक मी वाचनालयातून आणून पुन्हा वाचलं, आणि त्यात मला मेंढरं सापडली नाहीत. तुषारने आंब्याच्या शेंड्याकडे बघायला सुरुवात केली. अनुसयेच्या हातातलं सीताफळ तसंच राहिलं.

"लई राग आला का?" तिने विचारलं.

मला खूप काही सांगायचं होतं. फरशीवर पडलेल्या त्या थेंबाचं, दोन भाकऱ्यांचं, आईच्या हाताचं. सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं वेगळंच, जे त्या सकाळपासून मनात होतं. "पुढं काय झालं गं तिचं? भागीरथीचं?"

ती गोंधळली, मग तिच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. तिने हात गवताला पुसले आणि पाय पोटाशी घेऊन बसली. तेवढ्यात सानिया पुढे सरकली, "ए, पहले आखिर का बता."

"शेवट अजून व्हायचाय," अनुसया म्हणाली.

पानांतून येणारं ऊन माझ्या चष्म्यावर हलत होतं. मी तो काढून मांडीवर ठेवला आणि, आता कुणी सांगितलेलं नसताना, दोन्ही डोळे मिटून घेतले.